पाचवं शील आणि थुंकायचं भांडं

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं व्हायची होती, त्या हिवाळ्यात माझ्या बायकोनं दातांच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममधून एक रंगीत पुस्तिका पर्समध्ये घालून आणली. कुणाला विचारून आणलीस का, म्हटलं. ती म्हणाली, पाच होत्या, एक घेतली. एरवी ही बाई रस्त्यात पडलेली पेन्सिलसुद्धा उचलत नाही. प्रकरण साधं नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुस्तिकेवर एक लांबलचक पांढरी बोट होती, मागं टेकडी, टेकडीवर द्राक्षांच्या रांगा. डेकवरच्या आरामखुर्चीत पाय पसरून एक पिकल्या केसांची बाई बसली होती. फ्रान्समधल्या वाइनच्या मुलखातून नदीतली सात दिवसांची सफर. मी म्हटलं, अगं, आपण राहतो त्या मिनेसोटाच्या नंबरप्लेटवरच दहा हजार तळी लिहिलीयत. ईडन प्रेरीतल्या आपल्या घरामागंच एक आहे. पाणी बघायला फ्रान्सला कशाला? ती म्हणाली, ते तळं सध्या गोठलंय, त्यावर लोक ट्रक उभे करून बर्फाखालचे मासे पकडतायत. आणि तिनं पुस्तिका मॅग्नेटनं फ्रिजवर लावून टाकली.

इथं मला आमच्या सुट्ट्यांबद्दल सांगितलं पाहिजे. अमेरिकेत येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली होती आणि बावीस वर्षं सुट्टी म्हणजे नागपूर. डिसेंबर आला की चार सुटकेसी, कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, भावाच्या घराचा स्लॅब. माझी बायको नर्स. ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या वॉर्डात तिची ड्यूटी असायची. लोकांच्या उलट्यांची आणि थुंकीची बेसिनं उचलायची, ओतायची, धुवायची, परत ठेवायची. वर्षभर हे करून सुट्टीत नागपूरला जायची आणि तिथं माझ्या आईचे पाय चेपायची. तिनं कधी ‘मला अमुक पाहिजे’ असं म्हटलेलं मला आठवत नाही. मी कधी विचारलंही नव्हतं, त्यामुळे हिशेब बरोबर होता. आदल्या वर्षी आई गेली. पहिल्यांदाच डिसेंबर रिकामा आला आणि बाईंनी फ्रिजवर बोट लावली.

बोटीला माझी हरकत नव्हती. घोडं पेंड खात होतं ते वाइनपाशी.

आम्ही नागपूरचे बौद्ध. दर रविवारी आमच्यातल्या कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये वंदना असते, आणि पंचशील म्हणताना पाचव्या शिलाला माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो. पाचवं शील म्हणजे दारूपासून दूर राहीन. बाकीच्या चारांबद्दल मी छातीठोक काही सांगू शकत नाही. खोटं बोलणार नाही म्हणतो आणि सोमवारी ऑफिसात प्रोजेक्ट वेळेवर चाललंय असं सांगतो. पण पाचवं मात्र एकदाही मोडलेलं नाही. कारण ते माझं नव्हतंच, माझ्या आईचं होतं. माझ्या बापाला दारूनं खाल्लं. मी अमेरिकेला निघालो तेव्हा नागपूर स्टेशनावर आईनं एवढंच सांगितलं, ‘काय खायाचं ते खाय, काय घालाचं ते घाल, मी काही पाहाले येत नाही. पण पाचवं शील मोडू नको.’ तेव्हापासून प्रत्येक पार्टीत मी जिंजर एल या आल्याच्या सोड्याचा ग्लास धरून उभा. अमेरिकेत ‘मी पीत नाही’ म्हटलं की समोरच्याचा आवाज एकदम खाली येतो. माझ्या साहेबानं एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मनापासून शाबासकी दिली होती. त्याला वाटलं मी मोठा बेवडा होतो आणि आता सुधारलोय. मी त्याची समजूत तशीच राहू दिली, कारण त्या वर्षी मला प्रमोशन मिळालं.

आईनं आणखी एक गोष्ट घराबाहेर ठेवली होती. थुंकायचं भांडं. बापाला तंबाखू लागायची, त्यानं खाटेखाली एक डबा ठेवला होता. आईनं तो दोनदा फेकला आणि तिसऱ्यांदा त्याच्यावर दगड घालून चेपला. आजारी माणसानंसुद्धा उठून मोरीपर्यंत जायचं, असा नियम. आम्ही पोरांनी कारण विचारलं तर सांगायची, पेशवाईत आपल्या माणसाला पुण्यात शिरायचं तर गळ्यात मडकं बांधावं लागे, त्याची थुंकी रस्त्यावर पडून रस्ता बाटू नये म्हणून. हे तिला तिच्या आजीनं सांगितलं होतं. ‘तितकं भांडं पुरे झालं,’ असं म्हणायची आणि कामाला लागायची.

तर असा मी. बायकोला सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी इंजिनिअर लोक जे करतात ते केलं. फुकटच्या नंबरांवर फोन करून आणखी पुस्तिका मागवल्या. एक बर्गंडीच्या कालव्यातल्या लहान बोटीची, एक सोन आणि ऱ्होन नद्यांवरच्या मोठ्या बोटीची, एक बोर्दोकडची. मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तक्ता केला. केबिनची रुंदी, जेवणात भाजी किती, वाटेत लॉक किती. बोट पाण्याच्या पायऱ्यांवरून खाली उतरवणारे हे दरवाजे मला फार आवडतात, म्हणून लॉकला मी भरपूर मार्क ठेवले. आणि वाइन जितकी जास्त तितके मार्क वजा. सगळं करून उत्तर आलं की आपण अलास्काला जावं. अलास्का तक्त्यात नव्हतंच, पण इतर सगळ्यांचे मार्क शून्याच्या खाली गेल्यावर ते आपोआप वर आलं.

बायकोनं तक्ता नीट वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. ‘छान आहे,’ म्हणाली. ‘यात मी कुठंय?’

मी म्हटलं, केबिनच्या रुंदीत तूच आहेस. हे तिला आवडलं नाही.

मग मी आणखी एक फोन केला, या वेळी सोन-ऱ्होनच्या बोटवाल्यांना. पलीकडे एक गोड आवाजाची बाई होती. मी तिला विचारलं, बोटीवर पिणं कंपल्सरी आहे का? तिचाही आवाज खाली आला. तिनं मला धीर दिला, आमच्याकडे तुमच्यासारखे बरेच पाहुणे येतात, अजिबात संकोच करू नका. मी म्हटलं, बाई, मी तसा नाही. ती म्हणाली, अर्थातच नाही. शेवटी तिनं सांगितलं की वाइनच्या टेस्टिंगला गिळावंच लागतं असं कुठं आहे, प्रत्येक टेबलावर बादली असते. घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. जे खरे जाणकार असतात ते थुंकतातच.

मी फोन ठेवला. आईनं जन्मभर ज्या दोन गोष्टी घराबाहेर ठेवल्या, दारू आणि थुंकायचं भांडं, त्या त्या बोटीवर एकाच टेबलावर मांडलेल्या होत्या. आणि लोक त्यासाठी वर्षभर आधी बुकिंग करत होते.

त्या रविवारी वंदनेनंतर, पोहे खाता खाता, मी प्रश्न टाकला. कुणाचं नाव न घेता. समजा एखाद्यानं वाइन तोंडात घेतली आणि थुंकली, तर शील मोडलं का? बाप्पा, काय वाद झाला! एक गट म्हणाला, नशाच नाही तर दोष कसला. दुसरा म्हणाला, आज तोंडात, उद्या घशात. हेतू शुद्ध पाहिजे, असं आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकांचं मत पडलं. तेवढ्यात मागून कुणी तरी विचारलं, मग माउथवॉशचं काय, त्यातही अल्कोहोल असतंच की. मिनेसोटातल्या झाडून सगळ्या बौद्धांनी त्या सकाळी माउथवॉश वापरला होता. पोह्यांचा विषय निघाला, लिंबू जास्त पडलंय का वगैरे, आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

आता आमचे दोस्त असलेल्या डॉक्टरांबद्दल. भूलतज्ज्ञ, मूळचे पुण्याचे, अगदी सदाशिव पेठेतले. आमची मुलगी ज्यांना काका-काकू म्हणते ते हेच नवरा-बायको. माणूस सोन्यासारखा. माझ्या बायकोला बर्फात गाडी घसरून लागलं तेव्हा रात्रभर हॉस्पिटलात बसून होते. पण त्यांच्या आजोबांनी बाहेरून आल्यावर अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकलं नसेल, आणि नातवानं बेसमेंटमध्ये वाइनची खोली केली होती, तिला वेगळा थर्मोस्टॅट. बाटली उघडली की ग्लासात नाक घालून म्हणायचे, ओल्या मातीचा वास येतोय, चामड्याचा वास येतोय. चामड्याचा वास त्यांना सुखाचा वाटायचा याची मला गंमत वाटे. नाकानं कांदे सोलणं ही म्हण त्यांच्या गावातच जन्मली असणार.

ते फ्रान्सला दोनदा जाऊन आले होते. बायकोनं त्यांच्याकडे सल्ला मागितला आणि त्यांनी आम्हाला जेवायलाच बोलावलं. काकूंनी मसालेभात केला होता. डॉक्टर रंगात आले होते. सोन-ऱ्होनच घ्या, वहिनी, डोळे मिटून घ्या, असं दर पाच मिनिटांनी सांगत होते. मी थुंकण्याचा विषय काढला तसे तडक उठून खाली गेले आणि एक चकचकीत बादली घेऊन आले. ही बघा, म्हणाले, इतकं साधं असतं. माणशी एक हवी तर तीसुद्धा देतात. मी हो हो म्हटलं. मग त्यांना आणखी काही आठवलं आणि ते परत खाली गेले.

या वेळी त्यांच्या हातात एक चांदीची चपटी वाटी होती, साखळी लावलेली. बर्गंडीतले जुने वाइनवाले अशी वाटी गळ्यात अडकवून तळघरात फिरत, चव बघायला. तिथून आठवण म्हणून आणली होती. ‘इंजिनिअर, तुम्ही न पिता जाणार ना, मग निदान शोभा तरी करा,’ असं म्हणत त्यांनी हसत हसत ती साखळी माझ्या डोक्यावरून गळ्यात घातली. मागं सरून, मान तिरकी करून बघितलंही, कशी दिसते ते.

माझ्या छातीवर ती वाटी थंड लागली. टेबलावर बादली होती, गळ्यात भांडं होतं, आणि समोर पुण्याचा माणूस हसत उभा होता. माझं डोकं सटकलं. मी साखळी काढली, वाटी हळूच मसालेभाताशेजारी ठेवली आणि म्हटलं, ‘डॉक्टर, आमच्या गळ्यात भांडं घालायचं काम तुमच्या गावानं आधीच करून ठेवलंय.’

काकूंच्या हातातला भातवाढा तिथंच थांबला. त्यांना कळलं. डॉक्टरांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यांचं तोंड असं उतरलं की मला त्यांची दयाच आली, पण राग दयेपेक्षा मोठा होता. मी कोट उचलला. बायको माझ्यामागं आली.

गाडीत मी सुरू झालो. बावीस वर्षांची दोस्ती, म्हटलं, आणि या माणसाला सुचलं नाही. सुचलंच नाही, हाच तर सगळा प्रश्न आहे. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण शेवट आठवतो. फ्रान्स कॅन्सल, असं मी जाहीर केलं. आपल्याला हे शोभत नाही. आईनं काय भोगलं, बापानं काय केलं, आणि आपण तिथं जाऊन श्रीमंतांच्या बरोबरीनं भांड्यात थुंकायचं? आईला काय वाटलं असतं? हीटर जोरात चालू होता तरी काचेवर वाफ धरत होती आणि मी बाहीनं ती पुसत होतो.

बायकोनं मला सिग्नलपर्यंत बोलू दिलं. मग ती बोलली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं.

‘ते मडकं आपल्या गळ्यात होतं,’ ती म्हणाली. ‘हे टेबलावर आहे. आणि उचलून न्यायला दुसरं माणूस आहे. बावीस वर्षं मी लोकांची बेसिनं उचलते. सात दिवस माझं कुणीतरी उचलू द्या ना.’

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवेपर्यंत मी हललो नाही. मिनेसोटात लोक सहसा हॉर्न वाजवत नाहीत, म्हणजे मी बराच वेळ तसाच राहिलो असणार. मला लाज वाटली, खरं सांगतो. माझ्या आईची थोरवी मी जगाला ऐकवत होतो आणि शेजारच्या सीटवर कोण बसलंय हे मला दिसलं नव्हतं. डॉक्टरांना सुचलं नाही म्हणून मी मसालेभात टाकून उठलो होतो. मला तरी बावीस वर्षांत कुठं सुचलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आमच्या ड्राइव्हवेत उभे होते, टोपी न घालता, त्या थंडीत. घरात या म्हटलं तर येईनात. मी म्हटलं, कान गळून पडतील, आत या. चहा घेतला, निम्मा कप संपल्यावर म्हणाले, चुकलं. मी म्हटलं, हो. एवढंच झालं. ती वाटी नंतर त्यांच्या घरात मला कधी दिसली नाही, आणि मीही विचारलं नाही.

फॉर्म भरायला मी आणि मुलगी बसलो. ती कॉलेजात जायच्या बेतात होती. आमच्या घरातलं शुद्ध इंग्रजी तिच्याकडे. जेवणाखाण्याचं काही पथ्य असल्यास लिहा, अशी एक चौकट होती. मी लिहिलं, आम्ही दारू पीत नाही, आम्ही फक्त थुंकू. मुलीनं कपाळाला हात लावला. ‘डॅड, यू कान्ट राइट दॅट.’ मी म्हटलं, खरं आहे ते लिहिलं, खोटं बोलायचं नाही हे चौथं शील आहे. तिनं व्हाइटनर आणून शेवटचे शब्द पुसले. बायकोनं सही केली. तिची सही इतकी ठळक मी ग्रीन कार्डाच्या कागदांवरही पाहिली नव्हती.

सप्टेंबरात आम्ही गेलो. लॉक मी सगळे मोजले, ते राहू दे. तिसऱ्या दिवशी नदीकाठच्या एका गावात तळघरात टेस्टिंग होतं. लांब टेबल, चाळीसेक माणसं, प्रत्येक जोडप्यापुढं चांदीची बादली. माझ्यासमोर द्राक्षांचा रस आला, लहान मुलांना देतात तसा. बायकोनं वेटरला हातानं खुणावून साधं पाणी मागितलं, तेही वाइनच्या ग्लासात. मला वाटलं तहान लागली असेल.

गाइड सांगत होता तसा तिनं ग्लास उंच धरला, उजेडात पाहिला, वास घेतला. मग पाण्याचा घोट घेतला, इकडच्या गालातून तिकडच्या गालात खळखळवला, जशी आपण सकाळी मोरीवर चूळ भरतो तशी चूळ भरली, आणि ताठ बसून, न वाकता, बादलीच्या बरोबर मध्ये थुंकली. समोरचा टेक्ससचा म्हातारा आदरानं तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, ही कुणीतरी खरी जाणकार आहे. त्यानं आपल्या बायकोला कोपरानं ढोसलं आणि स्वतःही तसंच करून पाहिलं, तर सगळं त्याच्या टायवर.

मला हसू आवरेना. तेवढ्यात पांढऱ्या केसांचा एक वेटर बादल्या न्यायला आला. तो आमच्याकडे पोचायच्या आधीच बायको अर्धी उठली. तिचे दोन्ही हात बादलीच्या कडांना लागले होते, सांडू नये म्हणून वॉर्डात धरायची तसे. तिचं तिला कळलंही नसावं. मी तिच्या कोपराला हात लावला आणि म्हटलं, ‘बस.’

ती माझ्याकडे बघत खाली बसली. वेटरनं बादली उचलली, आत नेली, रिकामी करून, धुऊन, पुसून परत आणली आणि वाकून तिच्यापुढं ठेवली. तिनं त्याला थँक यू म्हटलं, आणि पाण्याचा दुसरा घोट घेतला.